डी वाढले, दुखणे तसेच: विल्सनच्या आजारात हाडांकडे कसे पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. भांडुपला राहणारा धाकटा भाऊ, वय २२. तीन वर्षांपूर्वी विल्सनचा आजार निघाला, म्हणजे शरीरात तांबे साठत जाण्याचा जन्मजात आजार, तेव्हापासून तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन चालू आहे. हाताची थरथर आणि बोलणे पुष्कळ सुधारले. पण वर्षभरापासून गुडघे, कंबर आणि जांघ दुखते, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, आणि मध्यंतरी न्हाणीघरात घसरून पडला. व्हिटॅमिन डी ११ आले म्हणून आठवड्याला एक अशा साठ हजार युनिटच्या आठ पुड्या झाल्या, सोबत कॅल्शियमची गोळी. आता डी ३४ आहे, पण दुखणे जिथल्या तिथे. कोणी सांगते पुड्या दुप्पट करा, कोणी सांगते सहा लाखांचे इंजेक्शन एकदाच घेऊन टाका. घरी आई हाडांसाठी रोज तिळाचा लाडू देते आणि तांब्याच्या भांड्यातले पाणी. बहिणीने विचारले आहे: डोस किती वाढवू, आणि कॅल्शियम कोणते चांगले?

मी हाडे आणि हार्मोन्स यांच्या विकारांची डॉक्टर आहे. विल्सनचे रुग्ण माझ्याकडे मेंदूविकार किंवा लिव्हरच्या ओपीडीतून चिठ्ठी घेऊन येतात आणि चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच ओळ असते, 'व्हिटॅमिन डी कमी'. मुंबईत रक्त तपासले की निम्म्या इमारतीचे डी कमी निघेल, त्यामुळे ही ओळ खोटी नसते, पण ती अपुरी असते. तुमच्या भावाचे डी आता ३४ आहे. हाडांसाठी २० नॅनोग्रॅमच्या वर पुरेसे धरतात, काही जण ३० च्या वर असावे म्हणतात. दोन्ही हिशेबांनी तो पास आहे. डी भरून निघाले तरी दुखणे हलले नाही, याचा सरळ अर्थ असा की दुखण्याचे कारण फक्त डी नव्हते. म्हणून 'अजून किती डी द्यायचे' हा प्रश्न बाजूला ठेवा. हाडात खनिज का बसत नाही, ते शोधायला हवे.

भावाला न तपासता मी निदान सांगू शकत नाही. त्याचे लिव्हर किती खराब आहे, फिट्सची गोळी चालू आहे का, तो घराबाहेर किती पडतो, यावर पुष्कळ अवलंबून आहे. पण तुम्ही रिपोर्टचे आकडे दिले आहेत आणि त्यात एक आकडा माझ्या डोळ्यात भरला. कॅल्शियम ८.९ म्हणजे ठीक. अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचे एन्झाइम २१० म्हणजे जास्त. आणि फॉस्फरस १.९. मोठ्या माणसात तो साधारण २.५ ते ४.५ असतो. त्या १.९ च्या पुढे लॅबने कमी असल्याची खूणही केली आहे, पण त्यावर कोणी बोललेले दिसत नाही. सगळ्यांचे लक्ष डीकडे.

विल्सनमध्ये होते असे. लिव्हरमध्ये तांबे पित्तातून बाहेर टाकणारे एटीपी७बी नावाचे जनुक बिघडलेले असते, त्यामुळे तांबे आधी लिव्हरमध्ये साठते आणि मग तिथून बाहेर पडून मेंदू, डोळ्याची बुबुळे, किडनी असे सगळीकडे जाऊन बसते. मेंदूचा त्रास दिसतो, म्हणून तो सगळ्यांना माहीत असतो. किडनीचा दिसत नाही, कारण किडनीची नेहमीची तपासणी, क्रिएटिनिन, बहुधा नॉर्मल असते. बिघडतात त्या किडनीतल्या बारीक नलिका. त्यांचे काम गाळलेल्या लघवीतून उपयोगाच्या वस्तू परत ओढून घेण्याचे: फॉस्फेट, ग्लुकोज, बायकार्बोनेट, पोटॅशियम, अमिनो आम्ले. नलिकांत तांबे बसले की या वस्तू लघवीवाटे वाहून जातात. हाडाला कॅल्शियमइतकेच फॉस्फेट लागते, रिपोर्टवर तेच फॉस्फरस म्हणून येते. ते वाहून जात असेल तर वरून कितीही डी ओता, हाड मऊच राहते. गच्चीवरच्या टाकीला खालून गळती असताना रोज टँकर मागवण्यासारखे आहे ते.

अशा मऊ हाडांच्या आजाराला ऑस्टिओमॅलेशिया म्हणतात. वाढत्या वयात झाला तर तोच मुडदूस. त्याचे दुखणे सांध्यांपेक्षा हाडांत असते. नडगी किंवा बरगडी दाबली तरी दुखते, मांड्यांत जोर राहत नाही, जमिनीवरून किंवा कमोडवरून उठायला आधार लागतो, चाल डुलती होते. तुम्ही लिहिलेले 'हात टेकून उठतो' आणि 'जांघ दुखते' हे मला म्हणूनच महत्त्वाचे वाटले. घरात सगळे म्हणतात की विल्सन आहे, म्हणून चालता येत नाही. कधी मेंदूचे डॉक्टरही तसेच धरून चालतात. पण मेंदूचा त्रास सुधारत असताना मांड्यांचा जोर कमी होत असेल, तर कारण वेगळे असू शकते, आणि ते बहुधा उपचार करण्यासारखे असते.

यात नवे काही नाही. १९६८ साली मुंबईतल्याच दराब दस्तूर, नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या १६ कुटुंबांमधल्या विल्सनवर लिहिले होते. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या विकारांच्या संस्थेमधून २००७ साली २८२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला, त्यात हाडे आणि स्नायूंच्या त्रासाने समोर आलेल्यांचा गट वेगळा मांडला आहे. गट लहान आहे, पण अशी मुले निदान होईपर्यंत हाडांच्या डॉक्टरकडेच फिरत असतात.

आता तपासण्या. आधी स्वस्तातल्या. सकाळची साधी लघवी तपासा. लघवीत साखर दिसली आणि रक्तातली साखर नॉर्मल असेल, तर नलिका गळत आहेत असे समजायला जागा आहे. रक्तातले यूरिक अ‍ॅसिड बघा. आपण ते वाढले का तेवढेच बघतो, पण इथे ते फार कमी असेल तर तोही त्याच बाजूचा पुरावा. पोटॅशियम आणि बायकार्बोनेट करून घ्या. फॉस्फरस पुन्हा करा, पण उपाशीपोटी, कारण जेवणानंतर, विशेषतः गोड किंवा भात खाल्ल्यावर तो खाली जातो. पित्तासाठी अँटासिड रोज घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, काही अँटासिड आतड्यात फॉस्फेट अडवतात. रक्त काढताना त्याच वेळी लघवीचा नमुनाही घेतला की किडनी किती फॉस्फेट परत घेते याचे गणित करता येते. त्याच्या जोडीला पॅराथॉर्मोन, म्हणजे पीटीएच, हे रक्तातले कॅल्शियम सांभाळणारे हार्मोन. डी कमी असताना पीटीएच वाढते आणि तेही किडनीतून फॉस्फेट बाहेर काढते. त्यामुळे डी ११ असतानाचा कमी फॉस्फरस मी एकवेळ सोडून दिला असता. डी ३४ झाल्यावरही तो १.९ राहतो, तेव्हा सोडता येत नाही.

अल्कलाइन फॉस्फेटेजबद्दल तुम्हाला 'लिव्हरमुळे वाढले आहे' असे सांगितले गेले. असू शकते. हे एन्झाइम लिव्हरमध्येही असते आणि हाडातही. सोबत जीजीटी, म्हणजे लिव्हरचे दुसरे एन्झाइम, तेही करा. ते नॉर्मल असेल तर वाढ हाडातून आली आहे असे धरायला हरकत नाही. लिव्हर फार बिघडलेले असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. डी रक्तात वाहून नेणारे प्रथिन लिव्हरच बनवते. ते कमी पडले की डीचा आकडा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून सिरॉसिस असलेल्या रुग्णात मी आकड्यामागे धावत नाही, पीटीएच आणि फॉस्फरस काय म्हणतात ते बघते.

जांघ दुखते म्हणून कमरेच्या खुब्यांचा एक्स-रे मात्र लवकर काढा. ऑस्टिओमॅलेशियात मांडीच्या हाडाच्या मानेशी किंवा ओटीपोटाच्या पुढच्या हाडात बारीक तडे असू शकतात, पडल्याशिवायही. तडा पूर्ण होईपर्यंत माणूस लंगडत कामावर जात असतो. एक्स-रे होईपर्यंत लोकलची गर्दी आणि पुलाचे जिने टाळलेले बरे.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दल तुम्ही विचारले नाही, पण कोणीतरी सांगेलच. करायला हरकत नाही. फक्त दोन गोष्टी. २२ व्या वर्षी टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी माणसाशी तुलना, बघायचा नसतो; झेड-स्कोअर, म्हणजे त्याच वयाच्या माणसांशी तुलना, बघायचा. तो उणे २ किंवा त्याखाली असेल तर वयाच्या मानाने हाड कमी आहे एवढेच म्हणता येते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: हाड विरळ झाले आहे की मऊ, हे डेक्साला कळत नाही. दोन्हींत आकडा कमीच येतो. आकडा बघून कोणी 'ऑस्टिओपोरोसिस आहे, वर्षातून एकदा सलाइनमधून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड घ्या' म्हणाले, तर फॉस्फरस, कॅल्शियम, डी आणि पीटीएच सरळ होईपर्यंत थांबा. मऊ हाडात हे औषध दिले तर खनिज बसणे आणखी अडू शकते, आणि रक्तातले कॅल्शियम एकदम उतरण्याची भीती असते.

सहा लाखांच्या इंजेक्शनबद्दल माझे मत स्पष्ट आहे: नको. २०१० साली ऑस्ट्रेलियातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन हजारांहून जास्त वयस्कर स्त्रियांत निम्म्या जणींना वर्षातून एकदा पाच लाख युनिट डी दिले. त्यांचे पडणे कमी व्हायला हवे होते. ते वाढले, फ्रॅक्चरही वाढले. तुमचा भाऊ वयस्कर स्त्री नाही, हे मान्य. पण ज्याचा तोल आधीच कच्चा आहे, त्याच्यावर हा प्रयोग कशाला करायचा? डी चरबीत साठते, जास्त झालेले लवकर निघत नाही. साठ हजारांची पुडी आठवड्याची असताना रोज घेतली गेली, अशी प्रकरणे आपल्याकडे येतात. उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान, खूप लघवी, गुंगी, असे ते विष चढते. आणि विल्सनच्या रुग्णात घरच्यांना वाटते की मूळ आजार उलटला. शिवाय किडनीच्या नलिका गळत असतील तर लघवीत कॅल्शियमही जास्त जाते, वरून डी आणि कॅल्शियमचा मारा केला की खडे होतात. त्याच्या ३४ ला महिन्याला एक पुडी, किंवा रोज एक ते दोन हजार युनिट, एवढे साधारण पुरते. पुडी जेवणानंतर किंवा दुधात घ्या, उपाशीपोटी नको, कारण ती चरबीबरोबर शोषली जाते. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासा.

ऊन फुकट आहे, पण मुंबईत ते मिळवावे लागते. काचेतून येणाऱ्या उन्हात डी तयार होत नाही, म्हणून बंद स्लायडिंग खिडकीशी बसणे कामाचे नाही. सकाळी सातचे कोवळे ऊन लोकांना आवडते. डीसाठी ते जवळजवळ निरुपयोगी. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, तेव्हाचे ऊन लागते. मुंबई विषुववृत्तापासून १९ अंशांवर असल्याने भर दुपारी तसे ऊन डिसेंबरातही असते. अकरा ते तीनच्या मधे गच्चीत पंधरा-वीस मिनिटे, हात आणि पोटऱ्या उघड्या. सावळ्या कातडीला थोडे जास्त. पावसाळ्याचे चार महिने धरू नका.

आता मुख्य गोंधळ, गोळ्यांच्या वेळांचा. पेनिसिलामाइन धातूंना धरते, म्हणून तर ते तांबे बाहेर काढते. पण पोटात त्याच वेळी कॅल्शियम, लोह, झिंक किंवा अँटासिड असेल तर ते त्यांच्यात अडकते आणि कमी शोषले जाते. मग हाडांसाठी घेतलेली गोळी मूळ औषध बुडवते. पेनिसिलामाइन जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायचे. दुधाचा चहा हेही खाणेच समजा. 'उपाशीपोटी घेतो' म्हणणारे पुष्कळ जण गोळी चहाबरोबरच गिळतात. माझ्या रुग्णांना मी असे बसवून देते: सकाळी उठल्याबरोबर पेनिसिलामाइन पाण्याबरोबर, तासाभराने चहा-नाश्ता. दुपारच्या जेवणात, घास खाता खाता, कॅल्शियम. दुसरे पेनिसिलामाइन दुपारच्या जेवणाला तीन तास झाल्यावर, संध्याकाळच्या चहाच्या एक तास आधी. कॅल्शियमची दुसरी गोळी असेल तर रात्रीच्या जेवणात. सोबत बी६ लिहून दिलेले असते, ते चुकवू नका. पुढे कधी झिंकवर बदलले, तर त्याचेही असेच वेळापत्रक लागेल.

कॅल्शियम कोणते? कार्बोनेट स्वस्त असते आणि जेवणाबरोबर चांगले शोषले जाते. सायट्रेट रिकाम्या पोटीही चालते, पण इथे रिकाम्या पोटाची वेळ पेनिसिलामाइनची आहे. म्हणून मी बहुधा कार्बोनेटच देते. १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटच्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असते, ते पाकिटावर वाचा. मोठ्या माणसाला दिवसाला हजार मिलिग्रॅम लागते, त्यातले जेवढे जेवणातून येईल तेवढे चांगले. आणि कॅल्शियमसोबत 'मल्टिमिनरल' लिहिलेली गोळी घेतलीत तर त्यात तांबे आहे का ते आधी बघा. असते. त्याला तांबे अजिबात नको.

यावरून आईंच्या लाडवाकडे येते. तीळ हे कॅल्शियमचे भांडार, पण त्यात तांबेही भरपूर. काजू, चॉकलेट, मशरूम, कलेजी, खेकडे, तिसऱ्या, कालवे यांचेही तेच. संक्रांतीला एक तिळगूळ खाल्ला तर आकाश कोसळत नाही, पण रोजचा लाडू बंद. त्यांना रागावू नका, हाडांसाठी तीळ हा एरवी योग्यच सल्ला आहे; फक्त या मुलासाठी नाही. दूध, दही, ताक, पनीर यांत कॅल्शियम भरपूर आणि तांबे नगण्य. दूध-दही मिळून अर्धा लिटर पोटात गेले तर सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम येते. वर एखादी नाचणीची भाकरी चालेल. मासे खात असाल तर बोंबील, सुरमई खुशाल खा. तांब्याच्या भांड्यातले पाणी मात्र आजपासून बंद, त्यात चर्चा नाही. आणि कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक, आमटी, चिंचेचे सार ठेवू नका, आंबटाने तांबे सुटते.

पेनिसिलामाइन कोलाजेनच्या धाग्यांची वीण थोडी कच्ची करते, हे खरे आहे, आणि हाड म्हणजे कोलाजेनवर बसलेले खनिजच. हे वाचून काही जण घाबरून गोळी सोडतात. तसे कदापि करू नका. गोळी अचानक बंद झाली की काही महिन्यांत लिव्हर कायमचे कोसळल्याची उदाहरणे आहेत. दुखण्याचे ऑपरेशन करायची वेळ आली, तर जखम भरण्यासाठी डोस तात्पुरता कमी करतात, पण तो निर्णय सर्जन आणि विल्सन बघणारे डॉक्टर यांनी मिळून घ्यायचा.

नलिका गळत आहेत असे निघाले तर उपचार आहे. तांबे नीट बाहेर निघू लागले की नलिका बऱ्याचदा महिन्यांच्या हिशेबाने सावरतात. म्हणून २४ तासांच्या लघवीतले तांबे तपासून औषध पुरेसे पडते आहे का, हे आधी बघतात. मधल्या काळात फॉस्फेट, गरज असल्यास कॅल्सिट्रिऑल (डीचे तयार, सक्रिय रूप) आणि रक्त आम्लधर्मी झाले असेल तर सोडा-बायकार्बची गोळी देतात. फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचे नसते, दोन्ही एकमेकांना अडवतात. हे सगळे लघवीतले कॅल्शियम आणि किडनीची सोनोग्राफी बघत, जपून चालते. मेडिकलवाल्याला विचारून नाही. मेंदू, किडनी आणि हार्मोन्स हे विभाग एका छताखाली असतील अशा ठिकाणी, उदाहरणार्थ परळच्या केईएमला, फाइल घेऊन जा. ओपीडीत सकाळ जाईल, पण एका विभागाचे दुसऱ्या विभागाला कळेल. जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा आणि फॉस्फरसच्या १.९ खाली पेनाने रेघ मारून न्या.

तोवर न्हाणीघरात घट्ट धरायला दांडी बसवा, ओली फरशी पुसून घ्या, रात्री एक दिवा चालू ठेवा. फिजिओथेरपिस्टला सांगा की हाडे मऊ असण्याची शक्यता आहे. ताण देणारे व्यायाम रिपोर्ट येईपर्यंत नकोत, बसून-उठून करायचे हलके चालतील. जांघेतले दुखणे एकदम वाढले आणि पायावर भार टाकता येईना, तर ओपीडीची वाट न बघता इमर्जन्सीत जा.

शेवटचे तुमच्याबद्दल. तुम्ही स्वतःला कुठेच लिहिले नाही. भावाला विल्सन आहे म्हणजे आई आणि वडील दोघांकडे बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत आहे, आणि प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. लक्षणे नसणे हा पुरावा नाही. कधी ती पस्तिशीतही येतात. तुमची आणि असतील त्या इतर भावंडांची तपासणी झाली आहे का? सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबे वाहून नेणारे प्रथिन), लिव्हरच्या तपासण्या, २४ तासांच्या लघवीतले तांबे आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडून स्लिट लॅम्पवर बुबुळाची कडा. भावाच्या जनुकातला दोष आधी शोधलेला असेल तर तुमच्यात नेमका तोच आहे का हे एका रक्ताच्या नमुन्यात कळते. एकच बिघडलेली प्रत निघाली तर काही करायचे नाही. दोन्ही निघाल्या तर त्रास सुरू होण्याआधीच औषध चालू होते, आणि ते नियमित घेतले तर भावाने जे भोगले ते बहुधा वाट्याला येत नाही. पुढच्या वेळी फाइल घेऊन जाल, तेव्हा तुमच्या नावाचाही केसपेपर काढा.